मुख्याध्यापकाचे दप्तर आणि मुलांच्या वह्या

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ज्यांनी परिशिष्टासह वाचला आहे, त्यांना हे ठाऊक असेल की, पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार असे प्रमाण ठरवून देऊन, पट दीडशेच्या वर गेला तरच पाच शिक्षकांखेरीज एक मुख्याध्यापक मिळावा, अशी तजवीज त्या कायद्याने केली आहे. भाटघरच्या जलाशयाच्या दोन्ही काठांनी, भोर तालुक्यातील वेळवंड आणि भुतोंडे खोऱ्यांत, किंवा वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील डोंगरउतारांवर ज्या शाळा आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या पटाचा आकडा दीडशेच्या जवळपासही फिरकत नाही. परिणामी दोन शिक्षकांपैकी जो सेवेने ज्येष्ठ, त्याच्याच गळ्यात मुख्याध्यापकपदाचा प्रभार पडतो. आणि ज्याने तिसरी-चौथीच्या मुलांशेजारी मांडी घालून बसावे, त्यांची वही हातात घ्यावी, त्यांचे वाक्य त्यांच्याच तोंडून सरळ करून घ्यावे, त्यालाच हजेरीपटापासून पोषण आहाराच्या साठ्यापर्यंत आणि आवक-जावक बारनिशीपासून कीर्दीपर्यंत साऱ्या दप्तराचा धनी व्हावे लागते. प्रस्तुत लेख अशा मुख्याध्यापकांसाठी आणि मुख्याध्यापिकांसाठी आहे. त्यातही माझे विशेष लक्ष लेखनाच्या शिक्षणाकडे आहे, कारण गणिताचा किंवा वाचनाचा पाठ साऱ्या वर्गाला एकदम देता येतो, परंतु लिहिणे हे एकेका मुलाजवळ बसूनच शिकवावे लागते, आणि एकेका मुलाजवळ बसण्यासाठी लागणारा वेळच दप्तर सर्वांत आधी गिळून टाकते.

या दोन कर्तव्यांतील विषमता कोठे आहे, ते प्रथम नीट पाहिले पाहिजे. दप्तराच्या मागे तगादा असतो. माहिती वेळेवर गेली नाही तर केंद्रप्रमुखांचा फोन येतो, फोनने काम झाले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून पत्र येते, आणि पत्रानेही झाले नाही तर खुलासा मागविला जातो. चौथीतल्या एखाद्या मुलीची वही तीन आठवडे कोणी उघडून पाहिली नाही, तर मात्र कोणाचाही फोन येत नाही. ती मुलगी खुलासा मागत नाही, तिचे आईबाप भातलावणीत किंवा पुण्याला मजुरीत गुंतलेले असतात, आणि तिचे झालेले नुकसान कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात उतरत नाही. म्हणून प्रामाणिक, कष्टाळू आणि मुलांवर मनापासून माया करणारा शिक्षकसुद्धा, स्वतःच्या नकळत, दिवसाचा उत्तम भाग तगाद्याच्या कामाला देतो आणि उरलासुरला भाग मुलाला. यात त्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. ज्याच्या मागे मागणारा आहे ते काम आधी होणार, हा कारभाराचा स्वभावच आहे. उपाय असेल तर तो एकच: मुलाच्या वहीमागेही तितकाच पक्का तगादा उभा करायचा, आणि तो उभा करण्याचे काम आपले आपणच करायचे. पुढे जे सांगणार आहे ते सारे या एका गोष्टीच्या अनुरोधाने आहे.

ही अडचण केवळ आपल्या डोंगरकपारीतल्या शाळांचीच आहे, असेही नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या लेखनाला साहाय्य करणारी केंद्रे पुष्कळ वर्षांपासून चालू आहेत; आयोवा विद्यापीठातील लेखनशाळा १९३० नंतरच्या दशकातली. तेथे विद्यार्थी आपले लिखाण घेऊन येतो, मार्गदर्शकाशेजारी बसतो, ते मोठ्याने वाचतो, आणि मार्गदर्शक प्रश्न विचारीत जातो. लेखणी मात्र विद्यार्थ्याच्याच हातात राहते. १९८४ साली स्टीफन नॉर्थ या अध्यापकाने या केंद्रांविषयी जो निबंध लिहिला, त्यातील प्रतिपाद्य असे की, समोरचे लिखाण सुधारून देणे हे या केंद्रांचे काम नसून लिहिणारा सुधारणे हे त्यांचे काम आहे. परंतु अशा केंद्राचा जो संचालक होतो, त्याच्यामागे अंदाजपत्रक, नेमणुका, अहवाल आणि बैठका यांचा ससेमिरा लागतो, आणि ज्या गुणामुळे त्याला ती जागा मिळाली, त्या गुणाचा उपयोग करण्यास त्याला फुरसत उरत नाही, हे गाऱ्हाणे तेथेही आहेच. साधनांची समृद्धी असूनही जो प्रश्न सुटत नाही, तो केवळ एक संगणक किंवा एक शिपाई मिळाल्याने आपल्याकडे सुटेल, अशी आशा धरून बसण्यात फारसे हशील नाही.

दप्तर आणि लेखनशुद्धी या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असाव्यात, ही कल्पना आपल्या मातीला मात्र परकी नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव म्हणजे सुरनीस याच्याकडे राजपत्रे वाचून त्यांतील अधिकउणे मजकूर शुद्ध करण्याचे, आणि त्याचबरोबर महालांच्या व परगण्यांच्या हिशेबांची रुजुवात घेण्याचे काम होते. राजाराम महाराजांच्या काळात ते पद शंकराजी नारायणांकडे आले, आणि त्यांच्याच वंशाकडे पुढे भोरचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत चालत राहिले. ज्या मुलखाचे राज्यकर्तेच मुळी पत्रातील अक्षर आणि हिशेबातील आकडा या दोहोंचे राखणदार म्हणून उदयास आले, त्या मुलखातील शिक्षकाने ही दोन कामे परस्परांची वैरी मानण्याचे कारण नाही. सचिवाच्या कामाचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. पत्र आधी वाचले जाई, दुरुस्त होई, आणि मगच त्यावर संमतीची निशाणी पडे. वाचण्याआधी शिक्का मारण्याची मुभा नव्हती. आपल्याकडे मात्र कितीतरी वह्यांवर तपासल्याची सही आधी पडते आणि वाचन राहूनच जाते.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. पहिली गोष्ट वेळेची. परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंतचा काळ हा मुलांचा, आणि त्या काळात दप्तराच्या कपाटाला कुलूप, असा नेम मुख्याध्यापकाने स्वतःपुरता घालून घ्यावा, तो सहशिक्षकाला सांगावा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत सांगावा, आणि केंद्रप्रमुखांच्याही कानावर विनयपूर्वक घालावा. नेम मनातल्या मनात ठेवला तर तो दोन दिवसांत मोडतो. चारचौघांत बोलून दाखवला की तो मोडताना आपल्यालाच संकोच वाटतो. भ्रमणध्वनी हा या नेमाचा मोठा शत्रू आहे. 'आजच्या आज माहिती पाठवावी' असा संदेश सकाळी अकरा वाजता पडतो आणि मन तत्काळ वर्गातून उठते. माझा अनुभव असा की, असा संदेश मधल्या सुट्टीत पाहून दीडच्या सुमारास उत्तर दिल्याने कोणाचेही काही अडत नाही. अकरा वाजता पाहिल्याने मात्र सकाळचा पाठ जातो आणि माहितीही घाईत चुकीची जाते. जलाशयाच्या फुगवट्यालगतच्या पुष्कळ गावांत तर श्रावणात रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची असतात; तेव्हा जी गोष्ट निसर्ग आपल्याकडून सक्तीने करवून घेतो, ती राजीखुशीने केली तर बिघडले कोठे?

दुसरी गोष्ट दप्तराच्या पाळीची. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांना बारमाही धो-धो सोडीत नाहीत. साठा पाहून, पिकांची गरज पाहून, आवर्तने ठरवितात आणि त्या त्या पाळीला ते ते पाणी सुटते. दप्तराचे कामही असेच आवर्तनाने सोडावे. कीर्द आणि पोषण आहाराची नोंद ही रोजची कामे; ती शाळा सुटल्यावर, घरी निघण्यापूर्वी, त्याच दिवशी संपलीच पाहिजेत, कारण आठवड्याची कीर्द एकदम लिहायला बसणारा मनुष्य आकडे आठवीत नाही, ते रचतो, आणि रचलेला आकडा लेखापरीक्षणात कधी ना कधी उघडा पडतो. आवक-जावक आणि पत्रव्यवहार यांना आठवड्यातील एक ठरावीक दिवस. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यानंतरचा वेळ त्याला उत्तम. साठा रजिस्टर, समितीचे इतिवृत्त आणि मासिक तक्ते यांना महिन्याची अखेर. आणि वार्षिक कामांना वर्षारंभीच एका कागदावर मांडून भिंतीला लावलेले वेळापत्रक: जूनमध्ये दाखलपात्र मुलांच्या नोंदी, सप्टेंबरअखेर संचमान्यतेसाठी धरला जाणारा ३० तारखेचा पट, सत्राच्या अखेरीस मूल्यमापनाच्या नोंदी, आणि ग्रामसभांच्या आधी गावापुढे मांडावयाच्या मागण्या. जी कामे पूर्वीपासून ठाऊक असतात तीच जर दरवर्षी आयत्या वेळी अंगावर कोसळत असतील, तर तो दोष कचेरीवर टाकता येणार नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते दप्तराच्या बाबतीत सर्वांत लाभदायक अशी, ती म्हणजे मूळ माहितीची एक वही. वरून येणाऱ्या तक्त्यांचे मथळे बदलतात, नमुने बदलतात, संकेतस्थळे बदलतात; परंतु विचारलेली माहिती बहुधा तीच असते. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, इयत्तावार आणि मुलगे-मुलीवार पट, प्रवर्गनिहाय संख्या, दिव्यांग मुले, आधारची स्थिती, खोल्या, स्वच्छतागृहे, वीजमीटरचा क्रमांक, पाण्याची सोय, बँकखात्याचा तपशील, समितीच्या सदस्यांची नावे व मुदत, इतका मजकूर एका शंभर पानी वहीत नीट लिहून, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातील बदल लाल शाईने नोंदवीत गेले, तर कोणताही नवा तक्ता भरणे हे केवळ उतरवून काढण्याचे काम राहते. ज्याच्याजवळ ही वही नाही, तो प्रत्येक तक्त्यासाठी जनरल रजिस्टरापासून पुन्हा प्रारंभ करतो, पुन्हा बेरजा मारतो, आणि पुष्कळदा मागल्या महिन्यात पाठविलेल्या आकड्याशी न जुळणारा आकडा पाठवून खुलाशाचे एक नवे काम स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. वही संगणकात ठेवली तरी चालेल. पण कागदावरची एक प्रत शाळेत असावीच, म्हणजे मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेला असता सहशिक्षकाचे अडणार नाही.

कामाची विभागणी हा नाजूक विषय आहे. दोघेच शिक्षक असताना ज्येष्ठाने 'मी कागद पाहतो, तुम्ही मुले पाहा' अशी वाटणी केली, की ती सोयीची भासते, आणि पुष्कळ शाळांत ती रूढही झालेली आहे. मला ती सर्वस्वी अनुचित वाटते. तीत चार इयत्तांचा भार एकावर पडतो एवढेच नव्हे. जो अधिक अनुभवी आहे, ज्याने शेकडो मुलांची अक्षरे वळविली आहेत, त्याचे कसब मुलांपासून कायमचे हिरावले जाते आणि धाकट्या सहकाऱ्याला ते शेजारी बसून शिकण्याची संधीही मिळत नाही. त्यापेक्षा वर्ग दोघांनी वाटून घ्यावेत आणि दप्तरही दोघांनी वाटून घ्यावे. पोषण आहाराची नोंदवही सहशिक्षकाकडे, पैशाची कीर्द मुख्याध्यापकाकडे. मूल्यमापनाच्या नोंदी ज्याच्या त्याच्या वर्गाच्या ज्याच्या त्याच्याकडे. सही आणि जबाबदारी मुख्याध्यापकाचीच राहते, म्हणून आठवड्यातून एकदा त्याने सहकाऱ्याची नोंदवही उघडून रुजुवात घालावी, आणि ती अविश्वासाने नव्हे तर परस्परांच्या बचावासाठी घालावी. धान्याचे माप सोपे आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. पहिली ते चौथीची अडतीस मुले हजर असतील तर तीन किलो आठशे ग्रॅम. हा हिशेब चौथीच्या मुलांनी फळ्यावर रोज मांडावा, शिक्षकाने तो तपासून नोंदवहीत उतरावा. मुलांचे गणित होते आणि नोंदही त्याच दिवशी होते. मात्र मुलांकडून कचेरीची कामे करवून घेणे, त्यांना निरोप्या म्हणून धाडणे, यातले काहीही करू नये.

गावातही मदतीची माणसे असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे कायद्यानेच ठरलेले आहे. त्यांतील एखादी दहावी-बारावी झालेली माता इतिवृत्त लिहिण्यास तयार होते. कोणी धान्य उतरवून घेताना पोत्यांची मोजदाद करतो. कोणी तालुक्याला जाणारा असला तर पाकीट पोहोचवितो. ही मदत मागण्यास मुख्याध्यापक लाजतात, कारण मागितली तर आपली अकार्यक्षमता दिसेल असे त्यांना वाटते. वस्तुतः ज्या शाळेचे इतिवृत्त गावातील बाईने लिहिले आहे, त्या शाळेला गाव अधिक आपली मानते.

आता ज्याच्यासाठी एवढी उस्तवार, त्या लेखनाच्या वेळेकडे येतो. तिसरी-चौथीची मिळून वीस मुले असतील तर रोज चार मुलांशी प्रत्येकी पाच मिनिटे बसावे. वीस मिनिटांत चौघे होतात, आणि सोमवार ते शुक्रवार प्रत्येक मुलाची पाळी एकदा येते. साऱ्या वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन रात्री लाल शाईने भरून काढण्यापेक्षा ही पाच मिनिटे कितीतरी फलदायी आहेत. मुलाने आपले लिखाण मोठ्याने वाचावे. वाचताना ते जेथे अडखळते तेथे बहुधा वाक्यच अडखळलेले असते, आणि ते त्याचे त्यालाच कळते. शिक्षकाच्या हातात लेखणी नसावी. एका वेळी एकाच जातीची चूक दाखवावी. या आठवड्यात पूर्णविराम, पुढल्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. सोळा चुकांवर सोळा वर्तुळे काढलेली वही मूल पुन्हा उघडीत नाही.

या पाच मिनिटांत काय घडते, ते जलाशयाकाठच्या एका शाळेत मी जवळून पाहिले आहे. चौथीतल्या मुलाने 'माझे गाव' हा निबंध लिहून आणला होता. गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे, गावात मंदिर आहे, मला माझे गाव खूप आवडते, अशी चार वाक्ये. एकही चूक नाही, आणि एकही वाक्य त्याचे स्वतःचे नाही. बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकातून ती उतरलेली होती. दुसऱ्या कोणी 'छान' असा शेरा मारून वही परत केली असती. बाईंनी ते त्याच्याकडून वाचून घेतले आणि विचारले, "मंदिर कुठं आहे रे?"

"पाण्यात, बाई."

"पाण्यात म्हणजे?"

"आता पाण्यात. मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. मग आजी आम्हाला चिखलातनं नेती. वाटेत पणजोबांच्या घराचं जोतं लागतं, तिथं ती थांबती."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"पुस्तकातल्या निबंधात नसतंय ना, बाई."

बाईंनी एवढेच सांगितले की, हे जसे मला सांगितलेस तसेच लिही. त्याने मधल्या सुट्टीतही वही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी जे आले त्यात चुका पुष्कळ होत्या, पूर्णविराम तर एकही नव्हता, 'नेती' आणि 'थांबती' ही क्रियापदे जशीच्या तशी होती. परंतु त्यात चिखलाचा वास होता, आजीचा हात होता, आणि १९२८ साली पुऱ्या झालेल्या लॉईड म्हणजेच भाटघरच्या धरणाने, आताच्या येसाजी कंक जलाशयाने, ज्या घरांना पोटात घेतले त्यांतील एका घराचे जोते होते. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की वेल्ह्याच्या अंगाला कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते, आणि ते पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. पण त्या पाण्याखालच्या जोत्यावर थांबणाऱ्या म्हातारीविषयी लिहिण्याचा अधिकार या मुलाइतका कोणाचाही नाही. हे लिखाण कोणत्या तक्त्यात भरावयाचे? पाच मिनिटे दिली नसती तर ते जन्मासच आले नसते, आणि ते जन्मास आले नाही हे कोणाला कळलेही नसते. अशा प्रसंगी बाईंनी 'नेती' खोडून 'नेते' केले नाही, यालाही मी फार मोल देतो. प्रमाण रूप शिकवायचेच आहे, पण ते मुलाला सांगण्यासारखे काही आहे असा विश्वास बसल्यानंतर.

या बैठकीनंतर लगेच, मूल उठून जाण्याच्या आत, एका छोट्या नोंदवहीत एक ओळ टाकावी: तारीख, नाव, काय लिहिले, काय दाखविले. 'पुस्तकी वाक्ये, स्वतःचे सांगितले, पुढे विरामचिन्हे', इतके पुरे. हीच ती वही, जी मुलाच्या बाजूने आपल्याला तगादा लावते, कारण ज्या नावापुढे दोन आठवडे ओळ पडली नाही ते नाव कोऱ्या जागेमुळे आपोआप डोळ्यांत भरते. शिवाय सत्राच्या शेवटी मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना सर्वांसाठी एकच ठोकळेबाज वाक्य शोधीत बसावे लागत नाही. प्रत्येक मुलाच्या पाचदहा ओळी समोर असतात, आणि कचेरीला हवा असलेला कागद वर्गातल्या कामातूनच सिद्ध होतो. अधिकारी तपासणीस आले, की लॉगबुकाआधी ही वही आणि मुलांची लिखाणे त्यांच्या हाती द्यावीत. अनेक अधिकारी स्वतः एके काळचे शिक्षकच असतात. मुलाचे खरे लिखाण वाचावयास मिळाल्याने न खुललेला अधिकारी मी क्वचितच पाहिला.

दप्तरच वर्गात आणण्याचीही एक रीत आहे. शाळेला पत्रे लिहावीच लागतात. नळाला पाणी नाही म्हणून ग्रामपंचायतीला, सकाळची एस. टी. वेळेवर येत नाही म्हणून भोर आगाराच्या व्यवस्थापकांना, झाडे हवीत म्हणून वनखात्याला. अशा पत्राचा मसुदा चौथी-पाचवीच्या मुलांनी करावा. कोणाला लिहितो, काय मागतो, का मागतो, या तीन प्रश्नांवर त्यांनी भांडावे. मुख्याध्यापकाने तो शुद्ध करून घ्यावा, आणि मग आपल्या सहीनिशी, जावक क्रमांक घालून, खरोखर पाठवावा. परीक्षेतील 'औपचारिक पत्रलेखन' ज्यांना रुक्ष वाटते, त्यांनी हे एकदा करून पाहावे. पत्राचे उत्तर आले आणि त्यावर शाळेचे नाव असले, म्हणजे शब्दांनी काही घडते हे मुलाला जन्मभर पुरेल इतके पटते. उत्तर न आल्यास स्मरणपत्र लिहावे. तोही एक धडाच आहे.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. मुलांच्या अंथरुणापांघरुणापासून आजारपणापर्यंत सारे पाहणाऱ्या या माणसाने त्याच छात्रालयात स्वहस्ते लिहिलेले 'छात्रालय दैनिक' चालविले. मुलांशी जे बोलावयाचे ते दररोज लिहून त्यांच्यापुढे ठेवले. व्यवस्थापनामुळे लिहिण्यास वेळ नाही, असे म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. रोजचे दैनिक प्रत्येकाला झेपेल असे नाही. पंधरवड्याला एक हस्तलिखित मात्र कोणत्याही शाळेला झेपते: चार पाने, प्रत्येकावर एका मुलाचे लिखाण, आणि दर्शनी भिंतीवर एक खिळा. ज्या गावात वर्तमानपत्र दुपारनंतर पोहोचते किंवा पोहोचतच नाही, तेथे हे हस्तलिखित वाचण्यास गावातली माणसे थबकतात.

नकार देण्याविषयी थोडे. त्याच २००९ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शैक्षणिकेतर कामांवर शिक्षकाला लावता येत नाही. परंतु कायद्याचे कलम तोंडावर फेकून संबंध बिघडविण्यापेक्षा लेखी विनंतीचा मार्ग चांगला. 'सदर काम दि. अमुकपर्यंत पूर्ण करतो; सकाळचे सत्र अध्यापनासाठी राखून ठेवले असल्याने दुपारनंतरची वेळ मिळावी', असे दोन ओळींचे पत्र जावक क्रमांकासह गेले, की पुष्कळदा मुदत मिळते, आणि न मिळाली तरी आपल्या बाजूचा कागद दप्तरी राहतो. भांडणे फार थोड्या ठिकाणी करावीत. पण सकाळच्या सत्रासाठी मात्र करावीत.

पावसाळ्याचे वेगळे नियोजन लागते. आषाढ-श्रावणात लावणीमुळे मोठी मुले धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी राहतात, ओढे भरले की पलीकडच्या वाडीची मुले येत नाहीत, आणि पट जसा गळतो तशी मुख्याध्यापकाला दप्तर उरकून घेण्याची ओढ लागते. माझे सांगणे उलट आहे. वर्गात नऊच मुले असतात, तेव्हाच एकेकाजवळ वीस वीस मिनिटे बसण्याची जी संधी मिळते ती उन्हाळ्यात मिळत नाही. संकेतस्थळावर भरावयाची माहिती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, वीज आणि रेंज शाबूत असताना, भरून टाकावी, आणि पावसाचे दोन महिने लिहिण्याला द्यावेत. लहान पटाची शाळा ही केवळ तोट्याची बाब आहे, असे मानून शाळा एकत्र करण्याचे प्रयत्न चालले आहेत. राजगड तालुक्यातच पानशेतला अशी समूहशाळा उभी राहिली आहे, आणि तिचे काही लाभही आहेत. परंतु जेथे वाट डोंगराची आणि ओढा आडवा आहे, तेथे नऊ मुलांची शाळाच हवी, आणि तिचा जो एकमेव मोठा लाभ आहे, म्हणजे शिक्षकाला प्रत्येक मुलाजवळ बसता येणे, तो जर दप्तरापायी वाया गेला, तर त्या शाळेच्या बाजूने बोलण्यास आपल्याजवळ काय उरेल?

शेवटची गोष्ट बदलीची. बदली होणारच, आणि ती बहुधा अशा वेळी होते की नुकती मुले लिहिती झालेली असतात. प्रभार देताना चार्जयादीत रोकड, धान्य, रजिस्टरे, कपाटांच्या किल्ल्या, संगणकाचे परवलीचे शब्द हे सारे येते. त्याच यादीत मूळ माहितीची वही आणि लेखनाची नोंदवही यांना क्रमांक देऊन त्यांची पोच घ्यावी. नवीन येणाऱ्याने कपाट मोजून घेण्यास जेवढा वेळ दिला तेवढाच या नोंदवहीला द्यावा, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला त्याचे मागले एक लिखाण मोठ्याने वाचावयास सांगावे, म्हणजे जेथे आधीच्या गुरुजींनी सोडले तेथूनच पुढचा पूर्णविराम सुरू करता येईल.